पूजेपुरते पाय

नीळकंठ हुपरीकर सर वरच्या पायरीवर उभे होते आणि त्यांचे पाय खाली उतरायला तयार नव्हते.

अंगणातल्या झाडाखाली पिकलेली लिंबं पडली होती. झाड सरांनीच लावलेलं. सांगलीत कृष्णेचा पूर ज्यांच्या घरात एकदा शिरून गेला, ते पुढचं घर बांधताना जोतं उंच घेतात. सरांनीही घेतलं होतं आणि त्या उंचीचा त्यांना फार अभिमान होता. आता तीच उंची आडवी आली होती. त्यांनी उजवा पाय खाली टाकायचं मनात आणलं. मांडीत झिणझिण्या आल्या, गुडघा ताठ झाला आणि पाय होता तिथेच राहिला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"बाबा, पायरीशी गेलात का?" आतून त्यांच्या सुनेचा, वृषालीचा आवाज आला. "मंदारला तुमच्या मोज्यांचा निरोप गेलाय बघा."

"लिंबं पडलीत खाली."

"मी आणते ना बँकेतून आल्यावर."

सर मागे वळले. मागे वळायला मात्र पायांची काही हरकत नव्हती.

ही करामत तोलमोज्यांची. मोजे कसले, कंबरेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसणारी काळी पातळ विजारच ती. पण लोकांनी मोजे म्हटलं आणि तेच रुळलं. त्यांच्यामागचं विज्ञान सरांना आवडायचं, कारण ते जन्मभर शाळेत विज्ञानच शिकवत आले होते. माणूस उभा असतो म्हणजे खरं तर तो सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. डोळे खबर देतात, कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं द्रव कलून खबर देतं, तळपाय आणि सांधे जमिनीची खबर देतात. लहान मेंदू या खबरा जुळवतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. म्हातारपणी हे सगळे खबरे आळसावतात. हुकूम पोचेपर्यंत माणूस जमिनीवर आलेला असतो. तोलमोज्यांच्या विणीत असे संवेदक होते की झोक जाण्याआधीच त्यांना तो कळे. पापणी लवायच्या आत नेमक्या स्नायूला विजेचा हलका चिमटा बसे, स्नायू आवळे आणि माणूस सावरला जाई. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं गल्लोगल्ली असत, ती बघता बघता दिसेनाशी झाली. हे सरांनाही मान्य होतं. मान्य नसायला ते काय अडाणी होते?

पण माणसाला सावरायला शिकलेलं यंत्र पुढे शहाणपण शिकतं. कंपनीने दुसऱ्या वर्षी नवी सोय दिली. पडू लागल्यावर सावरण्यापेक्षा पडण्याच्या जागी जाऊच न देणं बरं, हा विचार. पायरी, ओली फरशी, खडबडीत रस्ता आला की मोजे गुडघेच आवळून धरत. किती आवळायचे ते 'पालक' ठरवणार. पालक म्हणजे मुलगा. शब्द कंपनीचा. मोज्यांची कमरेची कडीही पालकाच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या अंगठ्यानेच उघडे, कारण विसराळू म्हातारी माणसं मोजे काढून ठेवतात आणि घालायचे विसरतात. सरांचा विसराळूपणा तर सुरू झालाच होता. माणसांची नावं ओठांवर येऊन परत जायची. एकदा दूध गॅसवर ठेवून ते शेजारी गप्पा मारत बसले. मग न्हाणीघरात पाय घसरला, कोपर सुजलं, आणि मस्कतला असलेल्या मुलाने, मंदारने, मोजे पाठवून दिले. तेव्हा सरांनी ते हौसेने घातले होते, हेही सांगायला हवं.

मोजे फक्त आंघोळीपुरते निघत. वृषाली कडीला अंगठा लावून बाहेर थांबे आणि सर स्टुलावर बसून आंघोळ करत. एके दिवशी साबण घ्यायला ते उठले आणि भिंतीला धरून तसेच राहिले. पाय लटलट कापत होते. न्हाणीघरात पडले त्या दिवशीसुद्धा ते इतके कापले नव्हते. सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्लास्टरमधून काढलेला हात काडीसारखा का होतो, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना समजावलं होतं. जे वापरत नाही, ते शरीर पोसत नाही. मेंदूचंही तेच. तोल सांभाळायचं काम मोजे करत होते, म्हणून त्यांचा लहान मेंदू ते काम विसरत चालला होता. अजून वर्षभराने मोजे काढले तर त्यांना उभंही राहता येणार नव्हतं. मग मोजे कधीच काढता येणार नव्हते. मोजे घातले तर घराबाहेर पडता येईना, काढले तर उभं राहता येईना. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यांनी मंदारला फोन लावला.

"रोज अर्धा तास मला मोज्यांशिवाय चालू दे. भिंतीच्या कडेकडेने चालेन. माझे पाय जातायत रे."

"बाबा, खुबा मोडायला अर्धा तास लागत नाही."

"पाय वापरले नाहीत तर ते..."

"मला समजतं ते. पण परवा तुम्ही मला काकांच्या नावाने हाक मारलीत. आई पडली तेव्हा मी इथे होतो. आठ महिने ती गादीवर होती, मी फोनवर बघत होतो. पुन्हा मला ते बघायचं नाही."

त्याच्या आवाजात राग असता तर सरांनी वाद घातला असता. पण त्यात भीती होती, आणि भीतीपुढे कुठलाही पुरावा चालत नाही. वर सरांना स्वतःचीही पुरती खात्री नव्हती. पाय खरंच जातायत की आपल्याला म्हातारचळ लागलाय, हा प्रश्न त्यांना दिवसातून दहादा पडे. नावं विसरणाऱ्या माणसाने आपल्या डोक्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

वाट सापडली ती देवघरात. वृषाली मनापासून देव मानणारी. रोज सकाळी सोवळं नेसून ती पूजा करी आणि पूजा होईपर्यंत कुणाला शिवू देत नसे. सर घरातले थोरले असूनही कधी तिथे फिरकले नव्हते. ग्रहणात शाळेच्या मैदानावर पोरांसमोर बसून भजी खाणारा हा माणूस. पण एका सकाळी देवघराच्या दाराशी उभं राहून तिचं रेशमी वस्त्र बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की सोवळ्यात शिवलेलं वस्त्र चालत नाही. आणि मोजे तर शिवलेले, वर नायलॉनचे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे अडलेला नास्तिक हरीचे पाय धरायला निघाला.

"वृषाली," त्या संध्याकाळी ते म्हणाले, "यापुढे पूजा मी करेन म्हणतो. सोवळ्यात."

वृषालीने डोळे पुसले आणि मंदारला फोन लावून दिला. "आई असती तर," एवढंच तो म्हणाला. मोजे कधी काढायचे त्या यादीत आंघोळीखाली एक नवी ओळ आली आणि सरांना पाय परत मिळाले, पूजेपुरते.

मग काय विचारता! सकाळी आंघोळ, सोवळ्याचं धोतर, कपाळाला गंध, आणि देवघराचं दार लोटलेलं. सर एका हाताने घंटा वाजवत आणि एका पायावर उभे राहत. आधी भिंतीला टेकून, मग नुसतं बोट लावून, मग डोळे मिटून. टाचेला चवडा लावत देवघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. बाहेर स्तोत्राचा सूर ऐकू जायला हवा, म्हणून ते मूलद्रव्यांची यादी स्तोत्राच्या चालीत पुटपुटत. हायड्रोजनपासून सुरुवात करून झिंकपर्यंत आले की पाय बदलत. एकदा वृषालीने दार किलकिलं केलं तर सासरे एका पायावर, डोळे मिटून, हात जोडून उभे. ती हळूच दार ओढून निघून गेली. तिला बिचारीला वाटलं असेल, बाबांनी तप मांडलं.

पाय परतू लागले. कापरं कमी झालं. पोटऱ्या भरल्या. पण सोंगाचं ओझं पायांपेक्षा जड. वृषाली रोज ते धोतर स्वतः धुवून उंच दोरीवर, कुणाची सावली पडणार नाही असं वाळत घाली, तेव्हा सरांना तिच्याकडे बघवत नसे. आणि सकाळी सुदाम बनसोडेचा फोन आला की ते उचलत नसत.

सुदाम आणि ते एकाच शाळेत. हे विज्ञान शिकवायचे, तो इतिहास. ग्रहणातली भजी त्याच्याच घरून तळून यायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी सरांनी त्याला घरी जेवायला आणलं तेव्हा सरांची आई सोवळ्यात होती. "शिवू नका," ती म्हणाली आणि त्याचं ताट अंगणात वाढलं. सरांनी आपलं ताट उचललं, अंगणात त्याच्या मांडीला मांडी लावून जेवले, आणि त्या दिवशी जानवं काढून खुंटीला अडकवलं ते कायमचं. सुदाम अलीकडे वर्षभर मुलीकडे लातूरला होता. परत आला तो एका रविवारी सकाळी न सांगताच आला.

सर पूजा आटोपून देवघरातून बाहेर पडत होते. अंगावर सोवळं, कपाळावर गंध, पाय उघडे. बैठकीच्या मध्यभागी वृषाली उभी होती, हातातल्या फोनच्या पडद्यावर मंदार. दारातून सुदाम आत आला, काठी टेकत, पायऱ्यांनी धापा टाकत. सरांना बघून त्याने काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हात पसरले.

"काका, शिवू नका," वृषाली म्हणाली. "बाबा सोवळ्यात आहेत."

सुदाम हसला. त्याला ती थट्टाच वाटली. हात पसरलेलेच ठेवून तो सर हसायची वाट बघत राहिला. मग त्याची नजर सरांच्या कपाळावर गेली, धोतरावर आली.

"कोण आलंय?" फोनमधून मंदारने विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य मंदार ऐकणार होता, आणि ऐकल्यावर उद्यापासून पूजा नाही, देवघर नाही, पाय नाहीत. एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि फक्त एक क्षण. तेवढ्यात सुदामचे हात खाली आले होते.

"असू दे," सुदाम म्हणाला. "येईन परत कधीतरी." त्याने काठी घेतली आणि तो पायऱ्या उतरू लागला.

सर धावलेच म्हणायचे. उंबऱ्याबाहेर आले, धोतराचा सोगा मुठीत धरला आणि पाय खाली टाकला. पायाने पायरी शोधली. दुसऱ्या पायाने पुढची. एकदा झोक गेला, पण तो त्यांचा त्यांनीच सावरला. वृषाली मागून हाका मारत होती, फोनमधून मंदार ओरडत होता, आणि सर वर्षभरात पहिल्यांदा आपल्या अंगणात उतरले. फाटकाशी त्यांनी सुदामला गाठलं.

"अंतर ठेव," सुदाम वळून न बघता म्हणाला. "पुन्हा आंघोळ पडंल तुला."

सरांनी त्याचा हात धरला. "सोंग आहे रे सगळं. हे मोजे काढायला मिळावेत म्हणून केलं. पाय जात होते माझे." आणि मग फाटकाला टेकून त्यांनी त्याला सगळं सांगितलं, न्हाणीघरापासून मूलद्रव्यांपर्यंत. सुदाम ऐकत राहिला. हसण्यासारखं बरंच होतं, पण तो हसला नाही.

"मग तिथंच का बोलला नाहीस?"

"मंदार ऐकत होता. पाय गेले असते."

"म्हणजे हिशेब केलास तू. पाय का सुदाम."

"केला," सर म्हणाले.

"नीळू, तुझ्या आईनं हिशेब केला नव्हता रे. तिला ते खरंच वाटत होतं. म्हणून तिचा मला कधी राग नाही आला."

सरांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. पाय आता जोरात कापत होते. उतरायचं कसब आलं होतं, पण परत चढायचं बळ उरलं नव्हतं. सुदामने ते पाहिलं. त्याने त्यांच्या काखेत हात घातला, दुसऱ्या हाताने काठी टेकली आणि चढायला सुरुवात केली. वृषाली खाली आली आणि तिने दुसरा दंड धरला. वर आल्यावर सुदामने सरांना खुर्चीत बसवलं. चहा घेऊन जा म्हणून वृषाली विनवत होती, पण तो थांबला नाही.

फाटकापाशी काय बोलणं झालं ते मंदारला ऐकू गेलं नव्हतं, पण बाबा पायऱ्या उतरलेले त्याने पाहिलं होतं. त्याने आरडाओरडा केला नाही. "उद्यापासून पूजा मोज्यांवरच," तो थंडपणे म्हणाला. "देव समजून घेईल. आंघोळ झाली की लगेच घालायचे, वृषाली. नाहीतर मी आजी-आजोबांच्या त्या केंद्रात बाबांचं नाव घालतो. तिथे निदान लक्ष द्यायला माणसं असतात."

फोन ठेवल्यावर वृषाली सरांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

"काकांना मी बोलले ते फार वाईट झालं," ती म्हणाली. "पण मंदार समोर होता, बाबा. सोवळ्यात तुम्ही त्यांच्या गळ्यात पडला असतात तर त्याला तिथंच कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"हेच की पूजा खोटी आहे."

"तुला माहीत होतं?"

"लिथियम, बेरिलियम, बोरॉन," वृषाली म्हणाली. "बी.एस्सी. झालेय मी, बाबा."

"मग रोज धोतर कशाला धूत होतीस?"

"आईंना आठ महिने कूस मीच बदलून देत होते. मंदारने फोनवर पाहिलं, मी हातांनी केलं. पडून राहण्याची भीती मलाही आहे. पण बसवून ठेवलेलं माणूसही शेवटी पडूनच राहतं, हे त्याला कोण सांगणार? तुमच्या नावची पूजा मी तुमच्यामागून करत होते. देवाचं काही बाकी ठेवलं नाही मी."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद वगैरे देण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तरीही ठेवला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली आणि वृषालीने मोजे आणलेच नाहीत. धोतर आणून दिलं. "नेसा," ती म्हणाली. "आणि काकांकडे जाऊन या. पलीकडच्याच गल्लीत तर आहेत. काठी दाराशी ठेवलीय. झेपेल तुम्हाला."

"मंदार?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजलाच. आंघोळीनंतर मोजे पुन्हा चढले नसल्याचा निरोप त्याला गेला होता. वृषाली देवघरात होती, सोवळ्यात, हातात ताम्हन. तिने फोन फुलांच्या परडीला टेकवून ठेवला.

"बाबांनी अनुष्ठान धरलंय," ती म्हणाली. "काल सोवळ्यात अंगणात उतरले, त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून. मध्ये मोडता येत नाही. इथेच बसलेत माझ्याजवळ."

"खाली उतरणार नाहीत ना?"

"नाही."

"वृषाली, आईच्या वेळीही तू मला सगळं ठीक आहे म्हणायचीस. देवाशपथ सांग."

सर दाराआड उभे राहून ऐकत होते. वृषाली कशाचीही शपथ घेत नसे. शपथ घ्यायची तर देव साक्षीला येतो, आणि भाजीच्या भावासाठी त्याला बोलवायचं नसतं, असं ती शेजारणींना सांगायची. ताम्हन तिने खाली ठेवलं. देव्हाऱ्यावर हात ठेवला. हात जराही हलला नाही.

"देवाशपथ. ते खाली उतरणार नाहीत."

फोन बंद झाला. मग तिने देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. उचललं तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "जा आता," ती सरांना म्हणाली. "माझं मी बघेन त्याच्याशी." त्याच्याशी म्हणजे मंदारशी नव्हे, हे सरांना कळलं.

ते बाहेर आले. काठी घेतली. वरच्या पायरीवर उभे राहिले. ऊन कोवळं होतं, फाटक उघडं होतं, आणि पलीकडच्या गल्लीत सुदाम होता. त्याच्यापाशी कसं बोलायचं तेही त्यांनी मनाशी जुळवलं होतं. त्यांनी उजवा पाय पुढे टाकला. पाय लगेच निघाला. झिणझिण्या नाहीत, चिमटा नाही. पण खालच्या पायरीला तो टेकण्याआधी सरांनी मागे घेतला.

शपथेने काही होत नाही, हे ते जन्मभर पोरांना शिकवत आले होते. आताही त्यांना तसंच वाटत होतं. पण वृषालीला तसं वाटत नव्हतं. ते उतरले की तिची शपथ खोटी होणार होती, आणि तिच्या हिशेबी त्याची शिक्षा ती भोगणार होती, मनातल्या मनात, रोज, ताम्हन घासताना. न उतरले तर ती खरी राहणार होती. काल त्यांनी पायांसाठी सुदामला क्षणभर परकं केलं होतं. आज पुन्हा पायांसाठी वृषालीला तिच्या देवापुढे खोटं पाडायचं? त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. सुदामला आज फोन करायचा, आणि तो उचलेपर्यंत करत राहायचा, एवढंच हातात होतं.

वृषाली दारात आली. "काय झालं, बाबा?" तिने घाबरून विचारलं. "पाय उतरत नाहीत?"

"पाय उतरतात की," सर म्हणाले, आणि आत जाऊन खुर्चीवर बसले.